गोविंदाच्या रिव्हॉल्वरचा ‘मिसफायर’ झाला नव्हता! परवान्याचं जुनं पिस्तूल किती भरवशाचं असतं?

१ ऑक्टोबर २०२४. पहाटे पावणेपाचच्या सुमारास, कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असलेल्या अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. रिव्हॉल्वर ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटली, असं त्याच्या मॅनेजरने सांगितलं. जुहू पोलिसांनी शस्त्र ताब्यात घेतलं, डॉक्टरांनी गोळी काढली आणि तीन दिवसांनी तो घरी गेला. आमच्या विरारमध्ये ही बातमी जरा जास्तच चघळली गेली. ‘विरार का छोकरा’ इथे अजून घरचाच माणूस आहे.

तेव्हाच्या बातम्यांत एक तपशील आला होता. रिव्हॉल्वर वेब्ली बनावटीचं, .३२ बोअरचं, सुमारे वीस वर्षं जुनं, आणि त्याच्या लॉकचा एक छोटा भाग तुटलेला. दोन दिवसांत हा तपशील मागे पडला आणि ‘मिसफायर’ हा शब्द तेवढा लोकांच्या तोंडी राहिला.

खरं तर मिसफायर म्हणजे नेमकं उलट. चाप ओढला, घोडा पडला, पण गोळी सुटलीच नाही, तर तो मिसफायर. चाप न ओढता गोळी सुटली तर तो अपघाती स्फोट. हा फक्त शब्दांचा कीस नाही. परवान्याचं पिस्तूल जुनं होतं तेव्हा ते या दोन्ही दिशांनी बिघडतं. जेव्हा चालायला हवं तेव्हा चालत नाही, आणि नको तेव्हा चालतं. बहुतेक मालक पहिल्याची काळजी करतात. घरात बायको-मुलं असतील तर दुसऱ्याची आधी करायला हवी.

पडल्यावर गोळी सुटते कशी?

थोडं गणित करू. ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्वर कंबरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.२ मीटरवरून पडलं, तर जमिनीला टेकताना त्यात सुमारे ८ ज्यूल ऊर्जा असते. काडतुसाच्या बुडाशी असलेला प्राइमर पेटायला याच्या कितीतरी कमी ऊर्जा लागते. म्हणजे पडण्याचा धक्का पुरेसा आहे, प्रश्न एवढाच की तो पिनपर्यंत पोचतो का.

रिव्हॉल्वरमध्ये मागे घोडा असतो (मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, तो भाग वेगळा). घोडा पुढे आपटला की पिन प्राइमरवर बसते. रिव्हॉल्वर घोड्यावरच आपटलं तर जमीनच हातोडीचं काम करते. हे होऊ नये म्हणून आत पोलादाची एक पातळ पट्टी असते, हॅमर ब्लॉक. चाप दाबलेला नसेल तोवर ती घोडा आणि फ्रेमच्या मध्ये उभी राहते. चाप पूर्ण मागे गेला तरच बाजूला सरकते.

ही पट्टी फुकट आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकी नौदलाचं एक स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वर जहाजाच्या डेकवर पडलं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने ब्लॉकची रचनाच बदलली, कारण जुना ब्लॉक स्प्रिंगच्या जोरावर चालत होता आणि आत घट्ट झालेल्या ग्रीसमुळे अडकत होता. रुगर कंपनीला हीच अक्कल १९७३ मध्ये आली. त्याआधीची तिची सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर्स वापरणारे लोक घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवत, सहाच्या जागी पाचच काडतुसं भरत.

आता ‘लॉक तुटलेलं’ या शब्दांकडे परत बघा. लॉक म्हणजे घोडा, चाप, सिअर आणि त्यांच्या स्प्रिंगांचा तो संच. त्यातला कुठला तुकडा गेलाय यावर सगळं अवलंबून असतं. काही तुटले तर रिव्हॉल्वर चालतच नाही, आणि मालकाला लगेच कळतं. सुरक्षेचा तुकडा तुटला तर मात्र ते अगदी छान चालत राहतं. शोभेसाठी बाहेर काढलं, रेंजवर दोन गोळ्या मारल्या, सगळं ठीक. ते पडेपर्यंत ठीकच असतं.

ऑटो पिस्तुलात गोष्ट थोडी वेगळी. जुन्या .३२ पिस्तुलांत पिन एका बारीक स्प्रिंगवर मोकळी असते. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडलं की पिन जडत्वाने पुढे धावते आणि तिला थोपवायला फक्त ती स्प्रिंग. बाजूचा सेफ्टी खटका लावलेला असला तरी बऱ्याच जुन्या मॉडेलांत तो चाप किंवा सिअर अडवतो, पिन नाही. पिनलाच अडवणारा ब्लॉक सर्रास दिसू लागला तो १९८०च्या दशकापासून.

आपल्याकडे पिस्तूल म्हातारं का होतं

अमेरिकेत माणूस पिस्तूल जुनं झालं की नवं घेतो. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हँडगनची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे आजोबांनी आणलेलं वॉल्थर किंवा वेब्ली आजही लाखांत विकलं जातं. चाळीस-पन्नास वर्षांचं यंत्र, सुटे भाग कुठेच नाहीत, तरी किंमत चढती. मला हा प्रकार विंटेज गाडीसारखा वाटतो, फरक एवढाच की विंटेज गाडी कोणी रोज कंबरेला लावत नाही.

९ मिमी आणि .३८ हे बोअर नागरिकांसाठी प्रतिबंधित, म्हणून सगळी गर्दी .३२ वर. देशी पर्याय पूर्वीच्या आयुध निर्माणींचे. २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ आलं, तेव्हा त्याच्या सव्वा लाखाच्या आसपासच्या किमतीची चर्चा जास्त झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, आणि त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्सने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ काढलं, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं. वेब्ली अँड स्कॉट नावाची .३२ रिव्हॉल्वर्सही आता उत्तर प्रदेशात संडीला इथे बनतात. म्हणजे नवं मिळत नाही असं नाही. पण परवान्यावर शस्त्र बदलायचं म्हणजे परवानग्या, जुन्याची विक्री, नव्याची नोंद. माणूस म्हणतो, चालतंय ना, राहू दे.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. वसईतल्या एखाद्या जुन्या परवान्याचा प्रवास बघा. मूळ परवाना ठाणे जिल्ह्याचा, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा फाइल तिकडे, १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं तेव्हा आयुक्तालयाकडे. कागद तीन ऑफिसं फिरला. प्रत्येक वेळी प्रामुख्याने बघितलं गेलं ते शस्त्राचा नंबर, मालकावरचे गुन्हे, धोक्याचं कारण. घोडा आणि ब्लॉकच्या मध्ये किती फट आहे हे तपासणं नूतनीकरणाच्या कामात बसत नाही. रिक्षाला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, भरलेल्या रिव्हॉल्वरला नाही!

नळीवरचा प्रूफचा शिक्का काय सांगतो मग? एवढंच, की नवी असताना जादा दाबाचं काडतूस सोडून ही नळी आणि घर फुटत नाही हे पाहिलं होतं. तेही एकदाच. आज आतल्या स्प्रिंगची काय अवस्था आहे, हे तो शिक्का सांगू शकत नाही.

वसईची हवा

अर्नाळा, राजोडी, कळंबच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग लागतो. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. पिस्तूल त्याच कपाटात, त्याच चामड्याच्या होल्स्टरमध्ये असतं. चामडं ओलावा धरतं, कमावताना वापरलेली रसायनं आणि क्षार त्यात असतात, वर अंगाचा घाम. काळ्या-निळ्या झळाळीचा ब्लूइंगचा थर दिसायला सुंदर, पण मिठाच्या हवेपुढे फारसा टिकत नाही. पितळी काडतूस चामडी पट्ट्यात महिनोन्महिने राहिलं की त्यावर हिरवट थर चढतो, आणि असं काडतूस घरात नीट बसत नाही.

यावर लोक काय करतात? भरपूर तेल घालतात. खोबरेलसुद्धा लावलेलं ऐकलंय. वनस्पती तेल काही महिन्यांत चिकट राळेसारखं होतं आणि १९४४ मध्ये जे ग्रीसने केलं तेच करतं. ब्लॉक अडकतो, पिन अडकते. शिवाय पातळ तेल झिरपून प्राइमरमध्ये गेलं की काडतूस मरतं. तो झाला खराखुरा मिसफायर.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. मॅगझिन भरलेलं ठेवल्याने स्प्रिंग ‘बसते’ असं सगळे सांगतात. चांगली स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, ती थकते वारंवार दाबण्या-सोडण्याने, आणि गंजाने. आपल्याकडचा मालक वर्षाला दहा गोळ्याही मारत नाही. त्याची स्प्रिंग वापराने मरत नाही, कपाटात मरते.

काडतुसांचं दुखणं त्याहून बेरकी. परवान्यावर एका वेळी आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा लिहिलेली असते, म्हणून खडकीच्या फॅक्टरीचा ‘केएफ’ शिक्का असलेली तीच ती काडतुसं लोक वर्षानुवर्षं जपतात. ऑटो पिस्तूलवाला सकाळी भरतो, रात्री रिकामं करतो, आणि वरचं तेच काडतूस रोज नळीत चढवतो. प्रत्येक वेळी गोळीचं टोक रॅम्पवर आपटतं आणि गोळी केसाएवढी आत दबते. शंभर वेळा झालं की लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. आतली जागा कमी, दाब जास्त. दुसऱ्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर ते पुन्हा चढवू नका. परवान्यावरच्या दुकानात परत द्या.

नवं घेतलं म्हणजे सुटलो?

तसंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या सिग सॉअर पी ३२० या पिस्तुलाचं नागरी मॉडेल ठराविक कोनात पडलं तर गोळी सुटते, हे चाचण्यांत दिसलं. कंपनीने त्याच ऑगस्टमध्ये हलका चाप आणि बदललेले भाग देणारं मोफत अपग्रेड जाहीर केलं. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगच्या हवाई तळावर एका जवानाचा मृत्यू झाला, तेव्हा हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने याच कुळातलं एम १८ तात्पुरतं बंद केलं. नंतर एका सहकाऱ्याला अटक झाली, म्हणजे दोष पिस्तुलाचा एवढं सोपं ते नव्हतं. पण त्या निमित्ताने कमांडने आपली जवळपास आठ हजार पिस्तुलं उघडून पाहिली आणि दोनशेच्या आसपास पिस्तुलांत झिजलेले किंवा सदोष भाग सापडले. ही सैन्याची पिस्तुलं, आर्मरर हाताशी असलेली.

कॅलिफोर्नियात विक्रीला येणाऱ्या हँडगनचं मॉडेल साधारण एक मीटरवरून काँक्रीटवर सहा वेगवेगळ्या बाजूंनी पाडून बघतात आणि ६०० गोळ्या मारून बघतात. सहापेक्षा जास्त अडथळे आले तर नापास. आपल्याकडचा मालक आयुष्यभरात ६०० गोळ्या मारत नाही, त्यामुळे त्याचं पिस्तूल भरवशाचं आहे की नाही हे त्याला अनुभवाने कळायचा रस्ताच बंद आहे.

मग करायचं काय

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये, झाकलेली आणि स्वतःच्या ताब्यात हवी. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं घ्या, आणि घरी आल्यावर शस्त्र त्यात ठेवू नका. रिव्हॉल्वर वाळलेल्या कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, रिकामं आणि कुलपात. निष्काळजी वापराने दुसऱ्याचा जीव धोक्यात आला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमध्ये दारापलीकडे दुसऱ्याचं दार असतं, हेही लक्षात असू द्या.

रिव्हॉल्वरची एक तपासणी आर्मररकडून तुमच्यासमोर करून घ्या. सगळी घरं रिकामी, दोनदा बघून. मग चापाला हात न लावता बसलेला घोडा अंगठ्याने पुढे दाबायचा. ब्लॉक शाबूत असेल तर पिनचं टोक फ्रेमच्या भोकातून बाहेर येत नाही. आलं, तर त्या रिव्हॉल्वरमध्ये त्या दिवसापासून काडतूस भरायचं नाही.

वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत असे लेथवाले आहेत की स्प्रिंग काय, अख्खं लॉक बनवून देतील. हा मोह टाळा. शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये दुरुस्तीसुद्धा परवान्याचं काम आहे, म्हणजे लेथवालाही अडकतो आणि तुम्हीही.

सर्वात सोयीची वेळ निवडणुकीची. आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्रं जमा करायला सांगतात. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन वेळा. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, दोन्हीकडे जमा करता येतं. विक्रेत्याकडे आर्मरर असेल तर तिथेच द्या, पावतीवर नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि शस्त्र पडून असेल तेवढ्या आठवड्यांत ते उघडून साफ करून, पिन आणि ब्लॉक तपासून ठेवायला सांगा.