शंखातला फाय आणि दरडीतला फाय

फाय या ग्रीक अक्षराशी माझं काही वाकडं नाही. एक गोल काढायचा आणि मधून उभी दांडी मारायची, दिसायलाही छान. माझं भांडण आहे ते त्याच्या भक्तांशी.

दर दोन-तीन महिन्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच निरोप फिरून येतो. १.६१८ ही म्हणे 'दैवी संख्या'. शंखात तीच, सूर्यफुलात तीच, ग्रीकांच्या देवळात तीच, अमक्या नटीच्या चेहऱ्यातही तीच! खाली हात जोडलेले दहा-बारा जण. (यात काही इंजिनिअर भाऊबंदही असतात, नावं घेत नाही.)

सूर्यफुलाच्या बियांच्या रांगांचं बरंचसं खरं आहे. नॉटिलसच्या शंखाचं मात्र सपशेल खोटं. सुवर्ण गुणोत्तराचं वलय एका फेऱ्यात जवळजवळ ६.८५ पट मोठं व्हायला हवं. हा शंख होतो साधारण तिप्पट. तपासायला पट्टी पुरते. आणि या संख्येचं 'फाय' हे नावही काही पुरातन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्क बार यांनी ते सुचवलं, फिडियस या ग्रीक शिल्पकाराच्या नावावरून.

बरं, खोटं का असेना, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं ते असं, की हेच अक्षर आणखी एका गोष्टीसाठी वापरतात आणि आमच्या महाड-पोलादपूरकडे त्या गोष्टीवर माणसांचा जीव अवलंबून आहे. तो फाय ग्रुपवर कधीच येत नाही.

अंगणात कोरडी वाळू हळूहळू ओता. ढीग वाढतो, पण त्याच्या उताराचा कोन एका मर्यादेपलीकडे जात नाही. आणखी ओतली की वाळू घसरते. कोरड्या वाळूसाठी हा कोन साधारण ३० ते ३५ अंश. सुट्या वाळूपुरता हाच तिचा अंतर्गत घर्षणकोन, म्हणजे दुसरा फाय. मातीचे कण एकमेकांना किती धरून राहतात ते तो सांगतो. कूलाँ या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने याचं गणित १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे वाचलं. इकडे पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेच हे वर्ष. त्याचा नियम असा: मातीची पकड म्हणजे तिचा चिकटपणा, अधिक तिच्यावरचा दाब गुणिले फायचा टॅन. बस्स, एवढंच.

यात पाणी कुठे आलं? ते आणलं टेर्झागी यांनी, १९२० च्या दशकात. मातीच्या फटींत पाणी भरलं की वरच्या वजनाचा काही भाग पाणी उचलून धरतं. कणांवरचा दाब तेवढा कमी होतो आणि पकड सुटते. लक्षात घ्या, फाय जवळजवळ तोच राहतो. कमी होतो तो दाब.

आता हिशेब करू. फाय ३५ अंश, डोंगराचा उतार २५ अंश, चिकटपणा शून्य धरू. ३५ चा टॅन ०.७०, २५ चा ०.४७. भागाकार आला दीड. म्हणजे घसरवणाऱ्या जोरापेक्षा पकड दीडपट, डोंगर शांत. आता पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत चढलं आणि उताराच्या दिशेने वाहू लागलं, तर माती पाण्याच्या दुप्पट जड धरून ही पकड निम्मी होते. पाऊण! एकच्या खाली आलं की डोंगर खाली येतो. खरे डोंगर इतके सरळ नसतात हे मान्य, पण टॅन दहावीच्या पुस्तकात आहे. तिथे आपण त्याने मनोऱ्याची उंची काढतो. घरामागच्या उतारावर तो कधी लावत नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट बघा. खाली सावित्रीचं खोरं, वर सुमारे १३५० मीटर उंचीचं जांभ्याचं पठार, आणि मध्ये कुजलेला काळा दगड, मुरूम आणि माती. रस्ता रुंद करायचा म्हणून पायथा कापला की उतार आणखी उभा होतो. उन्हाळ्यात ती कापलेली कड टिकते, कारण सुक्या मातीत चिकटपणा असतो. तो भिजला की गेला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. घाट ठिकठिकाणी ढासळून बंद पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत ८० हून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. मध्ये सोळा वर्षं गेली.

आणि दोन्ही वेळा आपण म्हणालो काय? 'निसर्गाचा कोप'. मला या शब्दाचा मनापासून राग येतो. कोप म्हटलं की कुणाला काही विचारायचं उरत नाही. पाऊस अफाट होता हे खरंच. पण कुठला उतार किती पाण्याला सुटेल, हे निदान अंदाजाने काढायची रीत शंभर वर्षं जुनी आहे.

कुणी म्हणेल, सरकारने नकाशे केलेत की. केलेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर दरडप्रवण भागांचे नकाशे करायला घेतले, प्रमाण एकास पन्नास हजार. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर! पंचवीस घरांची वाडी त्यात ठिपक्याएवढीही दिसत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट निघतो तो अख्ख्या रायगड जिल्ह्याला. अशा प्रत्येक अलर्टला गुरंढोरं सोडून कोण शाळेत झोपायला जाईल? तुम्ही जाल?

'आकड्याने डोंगर थोडाच थांबतो' असंही ऐकलंय. नाही थांबत. पण घर कधी सोडायचं ते आकडा सांगू शकतो. संरक्षक भिंतीतली पाणी जायची भोकं बुजली असतील तर ती का उघडायची, तेही सांगतो.

तेव्हा गावाकडच्या मंडळींना माझी विनंती. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आमच्या मागच्या डोंगराच्या मातीचा फाय किती? पावसात पाणी तिच्यात कुठवर चढतं? आणि किती मिलिमीटरला आम्ही निघायचं? उत्तर नसेल तर 'उत्तर नाही' असं इतिवृत्तात लिहायला लावा. तेवढं झालं की मग खुशाल शंखाचे फोटो पाठवा, मीही हात जोडेन.