व्यासपीठावरचा नमुना

सूत्रसंचालक आमची ओळख बहुधा एकाच वाक्यात उरकतो. 'हे मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी बोलतात पाहा!' सभागृहात टाळ्या पडतात. कविता अजून वाचलेलीही नसते. मग टाळी कशाला पडली? ज्या मातीत जन्मलो तिथली भाषा येते म्हणून? बार्शीच्या, मिरजेच्या, लातूरच्या मराठी शाळेत इतर पोरांबरोबर बाराखडी गिरवलेल्या माणसाला हे ऐकवले जाते आणि तो मान तुकवून आभार मानतो. आम्हीही मानले आहेत. हे आधीच कबूल करतो.

कविसंमेलनवाल्यांना आमची आठवण ठरावीक वेळी येते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नाहीतर कुठे दंगल होऊन गेली की. फोनवरच सांगितले जाते, 'एकात्मतेवरचं काहीतरी म्हणा.' पाण्यावरची, पिकावरची, बायकोच्या दुखण्यावरची कविता आमच्याकडून नको असते. तिच्यासाठी दुसरे कवी आहेत. मानधनाचा विषय काढावा तर उत्तर तयार असते, 'तुम्ही तर चळवळीतली माणसं!' मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, जेवणवाला यांना कुणी चळवळीत ओढत नाही. त्यांचे पैसे रोख मिळतात. आमच्या वाट्याला एस.टी.चे भाडे आणि शाल-श्रीफळ. नारळाची चटणी तरी होते. शालींनी कपाट भरले आहे, आणि दुसऱ्या दिवशीचा खाडा पगारातून कापला जातो तो वेगळाच.

मुंबई-पुण्यात आता 'ओपन माइक' आणि 'स्पोकन वर्ड' आले. आमची तरुण पोरे मोबाइलवर बघून कविता म्हणतात, झोकात म्हणतात. काही ठिकाणी नाव नोंदवायला कवीलाच पैसे मोजावे लागतात, ते असो. पण तिथेही आडनाव ऐकले की फर्माईश येते, 'एखादा शेर होऊन जाऊ द्या!' शेर आम्हाला प्रिय आहे. तरी मराठी कविता घेऊन आलेल्या माणसाकडे शेर मागणे म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणे.

आणि आपल्या मोहल्ल्यात काय वेगळे आहे? मुशायऱ्यासाठी उत्तरेतले शायर बोलावले जातात. त्यांचे तिकीट, हॉटेल, लिफाफा, सगळे चोख. मराठी कवीला नात झाल्यावर आणि बडे पाहुणे येईपर्यंतची पाच मिनिटे. तेवढ्यातही पुढच्या रांगेतून आवाज येतो, 'भाई, उर्दू में कुछ नहीं है क्या?' तिकडे आमची मराठी कौतुकाची, इकडे संशयाची. घरात बोलतो ती दखनी तर दोन्हीकडे केवळ हसण्यापुरती. सुलेमान खतीबांनी त्याच दखनीत हुंड्याचा बाजार असा मांडला की हसता हसता घास अडकावा, हे आपले लोक विसरले.

उभे राहून म्हणायची कविता काही आमच्या घरात काल आलेली नाही. जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार. हत्याराला धार लावणारे हे घर, आणि पेशवाईच्या उत्तरकाळात त्यांच्या लावण्या-पोवाड्यांनी फड गाजवले. १९१६ साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल पुढे अमर शेख झाले. अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकी. ते कामगारावर गायले, शेतकऱ्यावर गायले, मुंबईवर गायले. १९६९ साली अपघातात गेले. आज त्यांचे नाव निघते तेही पुष्कळदा 'मुसलमान असूनही'च्या यादीत. एवढ्या मोठ्या शाहिराचाही नमुना केला; आमची काय कथा!

पण दोष सगळा संयोजकांवर ढकलून आम्हाला सुटता येणार नाही. आमच्यातल्या एकाने एकदा भाड्याच्या खोलीची कविता वाचली. फोनवर खोली रिकामी असते, आडनाव सांगितले की 'आत्ताच गेली'. सभागृह गप्प. चहाच्या वेळी संयोजक म्हणाले, 'कविता चांगली होती हो, पण वातावरण जड झालं.' पुढच्या वर्षी त्याला पत्रिका आली नाही. मग त्याने रामाचा आणि रहीमचा यमक जुळवला, शेवटच्या ओळीआधी कुठे थांबायचे ते घटवले, आणि पत्रिका पुन्हा येऊ लागली. आम्ही त्याला हसलो नाही. कसे हसणार? आमच्या प्रत्येकाच्या वहीत तसली एक कविता आहे, आणि टाळी नेमकी कुठे पडते हे तोंडपाठ आहे. खोलीची कविता मात्र त्याने पुन्हा वाचली नाही. त्याला खोली अजून मिळालेली नाही, हे जाता जाता सांगायला हवे.

यंदा तीन निमंत्रणे आली. दोघांनी विषय ठरवून पाठवला होता. त्यांना नकार कळवला. तिसऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या : किती वेळ लागेल आणि किती घ्याल. तिथे आम्ही चौघे जाणार आहोत. तो खोलीची कविता वाचेल, आणि आम्ही बाकीचे त्याच्या नंतर वाचू.