चूक कारकुनाची, खेटे हवालदाराला



सुदामा नगरात सकाळी फिरायला निघणाऱ्यांत एक हवालदार काका आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. चीनच्या युद्धानंतर सैन्याची मोठी भरती झाली तेव्हा, 1963 साली ते गेले. 1971 ची लढाई पाहिली, सतरा वर्षे नोकरी करून पेन्शनवर परतले. आज वय ऐंशीच्या पुढे. गेली चार वर्षे त्यांच्या हातात एक कापडी पिशवी असते. त्या पिशवीत भाजी नसते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिरातीचे कात्रण आणि झेरॉक्सचा गठ्ठा असतो.

काय हवे आहे काकांना? पैसे नकोत, पदक नको, सत्कार तर मुळीच नको. सरकारी कागदावर त्यांच्या बायकोचे नाव बरोबर लिहून हवे आहे. बस्स, एवढेच!

आपल्या घरांतून लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहायचे आणि पेढे वाटायचे. कुणाला वाटले होते की त्या तांदळांचा हिशेब साठ वर्षांनी द्यावा लागेल? काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे. आधार कार्डावर सासरचे आहे. आणि रेकॉर्ड ऑफिसात तिसरेच आहे, कारण पलटणीतल्या कारकुनाने जे ऐकले ते स्वतःच्या भाषेच्या वळणाने इंग्रजीत उतरवले. काका सही करून पुन्हा ड्युटीवर गेले. बावीस-तेवीस वर्षांचा शिपाई कारकुनाला स्पेलिंग विचारतो काय?

काका मला म्हणाले, "माझं चाललंय हो. माझ्या मागं हिचं काय?" प्रश्न फॅमिली पेन्शनचा आहे. तीन नावांची एकच बाई आहे, हे काका जिवंत आहेत तोवर सिद्ध झाले तर झाले. नंतर ती पिशवी ऐंशीच्या घरातल्या काकूंच्या हातात जाणार. या चार वर्षांत एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने पहिल्याचे पत्र आणा म्हटले.

हे असे का होते, ते नीट समजून घ्यावे. सैनिक आपले रेकॉर्ड स्वतः लिहीत नाही. लग्न झाले, मूल झाले की पलटण 'पार्ट टू ऑर्डर' काढते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे नोंद होते. त्या नोंदीवरून अलाहाबादचे, म्हणजे आताच्या प्रयागराजचे, लेखा कार्यालय पेन्शनचा आदेश, पीपीओ, काढते. एवढ्या हातांतून कागद जातो, त्यातला एकही हात सैनिकाचा नसतो. पूर्वी तरी बँकेचा मॅनेजर चेहरा ओळखत असे, अक्षर चुकले तरी माणूस चुकत नसे. 2021 पासून संरक्षण खात्याचे पेन्शन 'स्पर्श' नावाच्या संगणक प्रणालीवर जाऊ लागले. व्यवस्था चांगली आहे, पण संगणकाला काकू ठाऊक नाहीत, त्याला फक्त अक्षरे ठाऊक. पन्नास वर्षे झाकून राहिलेली चूक एका दिवसात उघडी पडते आणि गुन्हेगार ठरतो पेन्शनर!

जन्मतारखेची गोष्ट तर विचारूच नका. आपल्या पिढीतल्या कितीजणांची जन्मतारीख 1 जुलै आहे, आपापल्या घरात मोजून पाहा. महाराष्ट्रातून आलेल्या नातेवाइकांची 1 जून निघेल. शाळा ज्या दिवशी उघडे त्या दिवशी मास्तर मुलांना जन्माला घालीत! आईला तिथी आठवे, दाखल्याला तारीख हवी असे.

यावर कोणी म्हणेल, शिपायाचे असे होते, साहेबांचे होत नसेल. मग ऐका. जनरल व्ही. के. सिंह यांचा जन्म पुण्याच्या लष्करी इस्पितळातला. 2010 साली ते भूदलाचे प्रमुख झाले. लष्कराच्या एका शाखेत त्यांचे जन्मवर्ष 1951, दुसऱ्या शाखेत 1950. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर 1951 होते, एनडीएच्या अर्जावर 1950 पडले होते. एकाच सैन्याने एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा तो सरसेनापती होईपर्यंत सांभाळल्या. सरकारने डिसेंबर 2011 मध्ये त्यांची तक्रार फेटाळली. पदावरचा लष्करप्रमुख आपल्याच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यायालयाचा कल पाहून त्यांनी अर्ज मागे घेतला आणि 31 मे 2012 रोजी, 1950 हेच वर्ष धरून, ते निवृत्त झाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते की सरकारचे, यावर वाद घालणारे घालोत. मला एवढेच दिसते की ज्याच्या हाताखाली अख्खे सैन्य होते त्यालाही नोंद बदलून मिळाली नाही. आमच्या हवालदार काकांनी कुठे जायचे?

उलट उदाहरणही आहे, ते दडवून ठेवणार नाही. कारगिलमध्ये बटालिकच्या आघाडीवर ब्रिगेडियर देविंदर सिंह यांची ब्रिगेड लढली. युद्धानंतरच्या अहवालात वरिष्ठांनी त्यांच्या कामगिरीला न्याय दिला नाही, ही त्यांची तक्रार होती. 2010 साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने ती मान्य केली आणि नोंदी सुधारायला सांगितले. युद्ध 1999 चे, निकाल 2010 चा. अकरा वर्षे! ब्रिगेडियरला अकरा, तर हवालदाराला किती, हे त्रैराशिक ज्याने त्याने मांडावे.

आता दुसरी बाजू. अधिकारी म्हणतात, दुरुस्ती सोपी केली तर लबाड लोक वय कमी करून नोकरी वाढवून घेतील, खोट्या बायका उभ्या करतील. नोकरीत असलेल्याने निवृत्तीच्या तोंडावर जन्मतारीख बदलायला निघावे, याला न्यायालयेही सहसा दाद देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण ज्याची नोकरी संपून पंचेचाळीस वर्षे झाली, जो साठ वर्षे त्याच बायकोबरोबर राहतो आहे, त्याला नावातली दोन अक्षरे बदलून कोणता खजिना मिळणार आहे? चोरासाठी लावलेले कुलूप घरच्या माणसालाच बाहेर ठेवत असेल तर कुलूपवाल्याला जाब विचारावा की नको?

आणि पुरावा मागणाऱ्यांनी स्वतः काय जपून ठेवले आहे? ज्यांना पेन्शन नाही अशा सैनिकांची सेवेची कागदपत्रे पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियमच आहे. मागे उरतो तो 'लाँग रोल', त्यात माणसाच्या आयुष्याची एक ओळ. म्हणजे कागद जाळायचे सरकारने, आणि "कागद दाखवा" हेही म्हणायचे सरकारनेच!

माझे म्हणणे सरळ आहे. नोंद ज्याने लिहिली, ती बरोबर असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर असावे. हे काही मी नवीन सांगत नाही. धर्मवीर सिंह नावाच्या सिग्नल्सच्या जवानाला फिट्स येतात म्हणून घरी पाठवले आणि अपंगत्वाचे पेन्शन नाकारले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद केलेली नसेल, तर तो आजार नोकरीतच जडला असे धरावे. तसे नाही म्हणायचे असेल तर ते सरकारने सिद्ध करावे, जवानाने नव्हे. जे आजाराला लागू, ते नावाला का नाही?

आता थोडे आपल्या घरातले, कडू लागले तरी. आपण होळकरांच्या वेळेपासून इथे आहोत असे अभिमानाने सांगतो. कुणाच्या घरी सनद आहे, कुणाच्या घरी मोडीतले रुमाल आहेत. जमिनीच्या कागदातल्या एका ओळीसाठी आपल्यातली घराणी तीन-तीन पिढ्या कोर्टात भांडली. कागदाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. महू हाकेच्या अंतरावर, म्हणून फौजेचे कौतुकही भरपूर. 26 जानेवारीला माजी सैनिकाला बोलावतो, शाल देतो, नारळ देतो, फोटो काढतो. काकांकडे अशा शाली आहेत. त्यांच्याबरोबर एखाद्या खिडकीपर्यंत मात्र आपल्यातला एकही गेला नाही, मीही नाही. 1989 ते 2019 सलग आठ वेळा या शहराने सुमित्राताई महाजन यांना लोकसभेत पाठवले, पाच वर्षे त्या अध्यक्षांच्या आसनावर होत्या. त्या काळात आपण शिष्टमंडळे घेऊन कशाकशासाठी गेलो ते ज्याने त्याने आठवावे. अशा एका तरी पिशवीसाठी गेलो होतो का?

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातून लष्कराला सूट नाही, आपल्या स्वतःच्या नोंदींची प्रत सैनिक मागू शकतो. जबलपूरला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे पीठ आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करावा लागतो, उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. पण सहा महिने हे आधी कोणी काकांना सांगायला हवे ना! आपल्या वस्तीत बँकेतून, एलआयसीतून, कोर्टातून निवृत्त झालेली माणसे गल्लोगल्ली आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, आता चार अर्ज बिनचूक लिहून द्यावेत.

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, दर रविवारी सकाळी दोन तास माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांचे कागद तपासण्यासाठी मंडळाची खोली उघडी ठेवावी. दुसरा, आपल्या खासदारांना लेखी निवेदन द्यावे की सरकारी नोंदीतली लेखनिकाची चूक सरकारने स्वखर्चाने आणि ठराविक मुदतीत दुरुस्त करावी, आणि मुदत टळली तर पेन्शनरचे म्हणणे ग्राह्य धरावे. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.