म्हाताऱ्या गाडीला जाड ऑइल कशाला?

दहा-पंधरा वर्षं वापरलेली स्कॉर्पिओ, बोलेरो किंवा सफारी गॅरेजात शिरली की निदान ठरलेलं असतं : ‘‘गाडी जुनी झालीय, आता जाड ऑइल टाका.’’ मग १५डब्ल्यू-४० जाऊन २०डब्ल्यू-५० येतं आणि मालक निर्धास्त होतो. सल्ला देणाऱ्या मिस्त्रीचा हेतू वाईट नसतो, त्यामागे तर्कही असतो. तो आधी नीट मांडू.

पूर्वपक्ष असा : लाख-दीड लाख किलोमीटरनंतर रिंगा आणि बेअरिंग झिजतात, फटी वाढतात. पातळ ऑइल तिथून निसटतं, प्रेशर पडतं, गाडी ऑइल खाऊ लागते. जाड ऑइल फट भरून काढतं, आवाजही दबतो. शिवाय विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पातळ ऑइल टिकणार कसं?

उन्हाचा मुद्दा यात सर्वांत कच्चा. गाडी महाबळेश्वरला असो की चंद्रपूरला, तापलेल्या इंजिनातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपासच असतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आहेत कशासाठी? ग्रेडमधला दुसरा आकडा याच तापमानाचा. १०० अंशांना ४० ग्रेडची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. इंजिनाच्या फटी आणि पंप आखताना यातलं काय चालेल, हे बनवणाऱ्याने तेव्हाच ठरवलेलं असतं.

आता झिजेचं. इंजिन जास्त झिजतं ते सकाळच्या पहिल्या स्टार्टला, ऑइल वर पोहोचेपर्यंत. तेव्हा जाडी कमी पडत नसते. १५डब्ल्यू-४० चाळीस अंशांना शंभर अंशांपेक्षा सात-आठ पट जाड असतं. कमी पडते ती चपळाई. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा टर्बो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो; त्याला उशीर परवडत नाही. जाड ऑइलने प्रेशर वाढलेलं दिसतं खरं, पण ते वाट अडल्याने वाढतं. त्याने बेअरिंगला जास्त ऑइल मिळत नाही. आणि आवाज दबला म्हणजे झीज थांबली असंही नव्हे. ती फक्त ऐकू येईनाशी होते.

उलट टोकाला शहरी हौशी मंडळी. त्यांचा मंत्र : सगळ्यात महाग फुल सिंथेटिक, तेही झिरोडब्ल्यू. डब्ल्यूचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यूची स्टार्टची चाचणी उणे २० अंशांना होते. निफाडची कडाक्याची थंडीही त्याच्या जवळपास जात नाही. सिंथेटिक ऑइल तापमान सोसतं, हे खरं. पण ‘सिंथेटिक आहे, वीस हजार किलोमीटर बघायला नको’ ही त्यांची बेफिकिरी त्या गुणाची माती करते. ‘सिंथेटिकने जुनी गाडी गळते’ ही ओरडही तितकीच पोकळ. सील कडक झालेले असतात, फटीत साचलेला गाळ धुतला जातो आणि आधीचीच गळती उघडी पडते.

दोन्ही पक्षांची चूक एकच : एक गाडीचं वय बघतो, दुसरा कॅनची किंमत. इंजिन कोणीच बघत नाही.

मग करावं काय? मॅन्युअलमध्ये ग्रेड आणि श्रेणी दोन्ही छापलेल्या असतात; दोन्ही पाळाव्यात. डिझेलसाठी एपीआयची सीआय-४ श्रेणी २००२ मधली. मॅन्युअलने ती सांगितली असेल तर २०१६ ची सीके-४ चालते, पण तिच्याच सोबत आलेली एफए-४ चालत नाही. ती मुद्दाम पातळ ठेवलेली आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याच्यासाठी कमी राखेचं ऑइल लागतं. ज्या गाडीत तो फिल्टरच नाही, तिच्यासाठी त्याचे जादा पैसे का मोजावेत?

खरी काळजी घ्यायची ती वेळेची. घरची गाडी गणपतीला गावी जाते, एरवी शाळा आणि बाजार. अशा आखूड फेऱ्यांत ऑइल पुरतं तापत नाही. ओलावा आणि न जळलेलं इंधन त्यातच राहतं. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी मॅन्युअलमधली महिन्यांची मुदत संपताच ऑइल फिल्टरसकट बदलावं. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याने घाबरू नये. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. महिन्यातून एकदा गाडी सपाटीवर लावून गेज बघावा, भर घातली तर लिहून ठेवावी. भर वाढत गेली, निळा धूर दिसला, तर व्हॉल्व्ह सील, रिंगा, टर्बो तपासावेत. तपासणीनंतरही इंजिनकाम लांबवायचं असेल, तर मॅन्युअलने मुभा दिलेली एक पायरी जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. पण तो समजून घेतलेला तात्पुरता उपाय झाला, वयाची सरसकट शिक्षा नव्हे.

आरसी बुकातली तारीख आरटीओच्या कामाची. ऑइल निवडताना तिचं काहीच काम नाही.