सोलॅनेशियस म्हणजे मिरची

प्रति,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : नंदुरबार जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत पाककला, आरेखन व लेखन हे स्वतंत्र ऐच्छिक विषय नसल्याबाबत

भाषा, गणित आणि विज्ञान यांपलीकडे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या कलाने जो विषय घेता येतो त्याला ऐच्छिक विषय म्हणतात, आणि त्या शब्दातली इच्छा कोणाची हे कुठे नमूद नसले तरी ती विद्यार्थ्याची असावी असा आजवरचा समज आहे. राज्यातील शाळांत २०१५-१६ पासून राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार व्यवसाय विषय आले, तेव्हापासून मात्र इच्छा उद्योगक्षेत्राची, यादी मंडळाची आणि सही तेवढी विद्यार्थ्याची, अशी वाटणी झालेली दिसते. केंद्राने २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित केलेल्या या आराखड्यात प्रत्येक विषयाला एक ‘जॉब रोल’, म्हणजे शिकून बाहेर पडणाऱ्याने नेमकी कोणती नोकरी धरायची त्या जागेचे नाव, आधीच चिकटवलेले असते. राज्य मंडळाच्या दहावीच्या यादीत आलेली ही नावे पाहावीत : मल्टिस्किल असिस्टंट टेक्निशियन, ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन, असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट, पर्यटन व आतिथ्य या विषयाखाली ‘मीट अँड ग्रीट ऑफिसर’, आणि शेतीखाली ‘सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर’.

यातील शेवटचे नाव नंदुरबारसाठी विशेष मोलाचे आहे, कारण सोलॅनेसी हे ज्या वनस्पतिकुळाचे शास्त्रीय नाव आहे त्यात वांगी, टोमॅटो, बटाटा यांच्या जोडीला मिरची येते, आणि नंदुरबार शहराची राज्यभर ओळख आहे ती लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे ओली मिरची उन्हात पसरून वाळविण्याच्या मोकळ्या मैदानांवर, हजारो क्विंटल मिरची पडलेली असते, आणि अवेळी आलेल्या पावसाची एक सर तिला काळे डाग पाडून व्यापाऱ्याचा हिशेब उलटा करते. त्या मैदानावर आईबरोबर मिरचीचे देठ खुडणाऱ्या मुलीने शाळेत जायचे, तेथे तीच मिरची तिला उच्चारता न येणाऱ्या नावाने घ्यायची, आणि लागवड-काढणी शिकून थांबायचे. वाळवण, कुटणे, मसाल्याचे प्रमाण, म्हणजे जेथे मिरचीचा पैसा होतो तो सगळा भाग, पाककलेत मोडतो आणि पाककला यादीत नाही. स्वयंपाकाला जागा मिळालीच तर ती पाहुण्यांच्या सरबराईच्या पोटात मिळते.

मूळ तक्रार मात्र यादीतील नावांपेक्षा त्या यादीच्या किमतीची आहे. दहावीचे सहा विषय, प्रत्येकी १०० प्रमाणे ६०० गुण, त्यांतील सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० धरून टक्केवारी, या चौकटीत व्यवसाय विषयाला स्वतःची खुर्ची नसल्याने तो घेणाऱ्या विद्यार्थ्याला भाषेची जागा रिकामी करावी लागते. पुण्या-मुंबईत ही अदलाबदल किरकोळ वाटत असेल. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ असून तिच्यात अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास असून स्त्रियांची जेमतेम ५६ टक्के. धडगाव-अक्कलकुव्यातील मूल घरी पावरी, वसावी वा भिलीचे दुसरे रूप बोलते, नवापूरकडचे मावची बोलते. त्याच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा असते, परंतु गुणपत्रिकेवर ती ‘प्रथम’ म्हणून छापली जाते. त्याच जनगणनेत भिली-भिलोडी बोलणाऱ्यांची देशातील संख्या १,०४,१३,६३७ भरली. मंडळाच्या भाषांत पाली, अर्धमागधी, फ्रेंच, जर्मन आणि रशियन यांना जागा आहे आणि ती असावीच. एक कोटी चार लाख लोकांच्या भाषेला मात्र ती नाही. अशा मुलाला आधी त्याची भाषा नाकारायची, मग परक्या तीन भाषा शिकायला लावायच्या आणि हाताचे काम हवे असेल तर त्यांतली एक परत मागायची, या व्यवहाराला विभाग ‘निवड’ म्हणतो.

आरेखन, म्हणजे वस्तू घडविण्याआधी तिचा आकार, उपयोग आणि साहित्य यांचा मेळ घालण्याची विद्या, हिची राज्यात दखल घेतली जात नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण इंटरमिजिएट ग्रेड रेखाकला परीक्षेतील अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ वाढीव गुण दहावीत मिळतात. म्हणजे ६०० पैकी ७. अक्कलकुव्यातील काठी गावच्या राजवाडी होळीत बावाबुध्याचे सोंग घेऊन नाचणारा तरुण बांबूच्या कामट्यांवर मोरपिसांचा उंच टोप बांधतो, कमरेला वाळलेले पोकळ दुधी आणि घुंगरू अशा अंतराने लावतो की पाऊल पडताच दोन्हींचा आवाज वेगळा उमटावा, आणि तो टोप रात्रभराच्या नाचात ढळत नाही. वजनाचा तोल, साहित्याची निवड आणि ध्वनीची योजना या तिन्हींचा हा एकत्र पाठ आहे. केंद्रीय मंडळ ‘डिझाइन थिंकिंग’ या नावाने जे शिकवू पाहते ते याहून फार वेगळे नसावे.

लेखनाची स्थिती अधिक सोयीची आहे, कारण ते शिकवले जाते असे कागदोपत्री सिद्ध करता येते. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध अशा व्यवहारोपयोगी प्रकारांना आहेत, आणि अकरावीच्या युवकभारतीत मुद्रितशोधन, अनुवाद आणि सूत्रसंचालनही आहे. परंतु चोवीस गुणांसाठी विद्यार्थी लिहायला शिकत नाही, मार्गदर्शकातील नमुना पाठ करायला शिकतो. ज्या शहादा परिसरातून वाहरू सोनवणे यांच्यासारखा भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणारा कवी पुढे आला, तेथील मुलांना लेखनाचा तास नसावा, याचे आश्चर्य मंत्रालयात कोणाला वाटत नसेल तर ते निदान मराठीच्या अभ्यासमंडळाला वाटावे.

हे अशक्य आहे असे उत्तर येण्यापूर्वी विभागाने स्वतःचेच दप्तर उघडावे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथे घडलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम राज्य मंडळाने स्वीकारला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांतून आठवी ते दहावीची मुले त्यात आठवड्याचा एक दिवस हाताने काम करतात, आणि शिकवायला गावातला कारागीर चालतो. हीच चौकट धडगावात लावली तर पहिला धडा आमचुराचा होईल. गावठी कैरी सोलून तिच्या फोडी उन्हात वाळवायच्या, आणि फोड जितकी पांढरी तितका भाव चढा. चिरलेल्या पेशींतील विकराचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणाऱ्या प्रथिनाचा, हवेशी संबंध आला की फोड तांबूस पडते आणि लोखंडी पात्याने ती आणखी काळवंडते; हे रसायनशास्त्र वर्गात शिकलेली मुलगी घरच्या मालाचा दर स्वतः वाढवू शकेल. त्यासाठी तिने हिंदी सोडण्याचे कारण काय, हे विभागाने समजावून सांगावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने १९ ते २४ वयोगटातील औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण भारतात ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे बाराव्या योजनेच्या आधारे नोंदवून, २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव देण्याचे लक्ष्य ठेवले होते. आकांक्षित जिल्हा म्हणून २०१८ मध्ये निवडलेल्या नंदुरबारला त्यापैकी आकांक्षा तेवढी मिळाली. पाककला, आरेखन आणि लेखन यांना प्रत्येकी १०० गुणांचा सातवा, भाषेला धक्का न लावणारा विषय म्हणून मान्यता द्यावी, आणि प्रात्यक्षिकाचा परीक्षक गावातील जाणकार असावा, इतकीच मागणी आहे.

वेळापत्रकाची अडचण मात्र खरी आहे. दहावीची लेखी परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी झाली आणि होळी १३ मार्चला होती, त्यामुळे काठीतील टोपाचे मूल्यमापन नेमके कधी करायचे हे ठरवावे लागेल. ही होळी पहाटे पेटते. परीक्षकाला आदल्या रात्रीच मुक्कामी यावे लागेल, आणि त्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे ते विभागाने लेखी कळवावे.

नंदुरबार जिल्ह्यातील पालक व शिक्षकांच्या वतीने