ऋण काढून सण

मंडळी, म्हणी आणि वाक्प्रचार शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. 'ऋण काढून सण करणे' हा त्यातलाच एक. फळ्यावर मी अर्थ लिहायचो, 'ऐपत नसताना कर्ज काढून चैन करणे', आणि पोरं तो वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत हमखास एक मार्काला यायचा. त्या अर्थात काही चूक असेल असं मला कधी वाटलं नाही. २०२५ च्या दिवाळीत मात्र तो एक मार्क माझा मलाच कापून घ्यावा लागला.

झालं असं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे घाटनांदूर स्टेशनकडे फिरायला निघालो होतो. वाटेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. (ओळखू येऊ नये म्हणून दोनचार खुणा बदलल्या आहेत.) पुण्याकडे एका कारखान्यात बरीच वर्षं कंत्राटावर होता. काम सुटलं, दुसरं मिळेना, म्हणून बिऱ्हाड घेऊन गावी परतला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. याचंही सोयाबीन पाण्यात गेलं. घरात चार माणसं. म्हातारीला श्रावणबाळ योजनेचे दीड हजार, बायकोला लाडकी बहीणचे दीड हजार आणि माणशी पाच किलो रेशनचं धान्य. आमच्याकडं या अनुदानाला लोक 'पगार' म्हणतात. 'म्हातारीचा पगार आला का?' असं विचारतात. तर त्या घरात दोन बायांचे मिळून तीन हजार रुपये पगार, आणि कर्त्या पुरुषाचा काहीच नाही.

बोलता बोलता त्यानं सांगितलं की दिवाळीसाठी दहा हजार उचललेत, शेकडा पाच रुपये महिन्यानं. मी अंगातल्या मास्तरला आवरू शकलो नाही. म्हणालो, "अरे, मी काय शिकवलं होतं? ऋण काढून सण करू नये."

तो हसला. म्हणाला, "सण कुठं करायलोय सर? लेकीची इज्जत राखायलोय."

मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं. म्हणजे पहिली दिवाळी, दिवाळसण. जावयाला कपडे, लेकीला साडी, विहीणबाईंना साडी, फराळाचा भरलेला डबा, आणि पाडव्याला लेक जावयाला ओवाळेल तेव्हा ताटात टाकायला काहीतरी. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलेलं, त्यामुळं अंगठीचा विषयच नव्हता. अंगठी नाही म्हणून बाकीचं तरी नीट व्हायला पाहिजे, हा त्याचा हिशोब. त्या दहा हजारांत त्याच्या स्वतःच्या घरात काय येणार होतं? तेल, साखर, बेसन आणि मुलाला एक शर्ट. म्हातारीला लुगडं नाही.

घरी आलो. सौ. चकल्यांची भाजणी चाळत बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. भाजणीतून हात न काढता त्या म्हणाल्या, "आणि आपण काय करत होतो हो? तुमच्या सण अग्रिमाशिवाय आपली एक तरी दिवाळी झाली का?"

मी गप्पच झालो.

नव्या पिढीला सण अग्रिम म्हणजे काय ते कदाचित माहीत नसेल. सरकारी नोकराला सणाच्या आधी सरकार उचल देतं, ती बिनव्याजी. पुढं पगारातून दहा हप्त्यांत कापून घेतं. अलीकडे ही रक्कम साडेबारा हजारांपर्यंत गेली, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. आमच्या काळी रक्कम लहान होती, पण रीत हीच. दिवाळीच्या आधी अर्ज करायचा, हाती पैसे यायचे, मुलांना कपडे, बहिणींना ओवाळणी. मग वर्षभर पगारपत्रकात वसुलीचा आकडा दिसायचा. ती वसुली फिटली की पुढच्या दिवाळीचा अर्ज तयार! म्हणजे जो मास्तर वर्गात 'ऋण काढून सण करू नये' शिकवत होता, तोच दर वर्षी ऋण काढून सण करत होता. फक्त त्याच्या ऋणाला 'अग्रिम' असं भारदस्त नाव होतं.

आता दोन हिशोब शेजारी शेजारी मांडून पाहा. सरकारी नोकर साडेबारा हजार घेतो आणि दहा महिन्यांत साडेबारा हजारच फेडतो. माझा विद्यार्थी दहा हजार घेतो, तर महिन्याला पाचशे नुसतं व्याज. दहा महिन्यांत पाच हजार गेले तरी मुद्दल जागच्या जागी. म्हातारीच्या दीड हजारांच्या पगारातला तिसरा हिस्सा दर महिन्याला सावकाराला. ज्याला पगार आहे त्याला फुकट, आणि ज्याला काहीच नाही त्याला सगळ्यात महाग.

आमच्या बीड जिल्ह्यात ही काही नवी गोष्ट नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी सणासुदीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात. त्यातून आधीचं देणं भागतं, लेकराबाळांचा सण होतो, आणि दिवाळीच्या आगेमागे बैलगाडी नाहीतर ट्रक निघतो पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं. तिकडं कोपीत राहून चार-पाच महिने कोयत्यानं ती उचल फेडायची. तीही सणाचीच उचल, पण ती फिटते अंग मोडून.

काही मित्र म्हणतात, गुरुजी, तुम्ही उगाच कळवळता. फुकट खायची सवय लागली आहे लोकांना. अनुदान घ्यायचं आणि वर सण दणक्यात करायचा! परवडत नाही तर साधेपणानं करावा, कोण बळजबरी करतं?

साधेपणाचं मला सांगू नका, १९७२ चा दुष्काळ मी पाहिला आहे. तेव्हा विशीत होतो. दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. घरात मिलोच्या लाल भाकरी. कामावर सुकडी मिळायची, त्यातली थोडी थोडी साठवून आईनं दिवाळीला तिचेच लाडू वळले होते. तरी त्या दिवाळीची लाज आम्हाला वाटली नाही, आणि त्याचं कारण आम्ही फार थोर होतो असं नाही. सगळ्या गावाच्याच घरी काही नव्हतं. विहिणीला साडी मिळाली नाही तर विहिणीच्या विहिणीलाही मिळाली नव्हती. कुणी कुणाकडून मागत नव्हतं. आज शेजारच्या घरावर लाइटच्या माळा असतात, जावयाचा मित्र सासऱ्यानं काय दिलं ते मोबाइलवर दाखवतो, आणि काम गेलेल्या माणसानं एकट्यानं साधेपणा पाळायचा. सगळ्यांनी मिळून पाळला तर त्याला साधेपणा म्हणतात. एकट्यावर आला की ती फजितीच.

म्हणून मला वाटतं, माझा फळ्यावरचा अर्थच चुकीचा होता. गरिबाचा सण ही चैन नाही. वर्षातून चार दिवस लेक माहेरी यावी, पोरांच्या अंगावर नवं कापड यावं, दारात पणती लागावी, एवढ्यासाठी तर माणूस बाकीचं वर्ष रेटतो. कर्ज काढणंही पाप नाही, आपण सगळेच काढतो. प्रश्न आहे तो कुणाचं कर्ज कसल्या अटींवर, आणि मदत कधी.

'कधी' हे फार महत्त्वाचं. २०२२ च्या दिवाळीला सरकारनं 'आनंदाचा शिधा' काढला. शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ किलो किलो आणि लिटरभर पामतेल. कल्पना चांगलीच होती. पण बऱ्याच ठिकाणी तो वेळेत पोचला नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर आलेला रवा खाता येतो, पण तोवर दुकानदाराच्या वहीत उधारी लिहून झालेली असते. उलट २०२४ च्या ऑक्टोबरात लाडकी बहीणचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन्ही हप्ते एकदमच जमा झाले होते. निवडणूक तोंडावर होती हे खरं, पण मनात आणलं तर पैसे दिवाळीच्या आधी देता येतात, हेही त्यातून दिसलं.

मग श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेतल्या माणसांना दिवाळीआधी तीन महिन्यांचं अनुदान अग्रिम म्हणून का देऊ नये? साडेचार हजार होतात. महिन्याला साडेचारशे कापून दहा महिन्यांत फिटतील, अगदी आम्हा सरकारी नोकरांसारखे. यात सरकारनं दान काहीच द्यायचं नाही. मला जी सवलत अख्खी नोकरी मिळाली तीच द्यायची.

आता आपल्या हातातलं. हे मी खास नातेवाईक मंडळींसाठी लिहितोय.

आपल्या घराण्यातला एक मुलगा यंदा नवा जावई आहे. नाव घेत नाही, वाचणारे ओळखतील. आपण काही मागणार नाही, हे मला माहीत आहे. पण न मागणं पुरेसं नाही. आपण गप्प राहिलो तर तिकडचा बाप आपल्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसेल आणि शेवटी कुठून तरी पैसे उचलेलच. तेव्हा मुलाच्या आईनं स्वतः फोन करावा आणि स्पष्ट सांगावं की पोरं येतील, चार दिवस राहतील, जेवतील. कपडे नकोत, साड्या नकोत. फराळाचा डबा इकडून पाठवतोय, सगळे मिळून खा. आणि हा फोन वसुबारसेच्या चांगला महिनाभर आधी व्हावा. कर्ज काढून झाल्यावर 'कशाला एवढं केलंत' म्हणण्याला काही अर्थ नाही.

त्या विद्यार्थ्याकडं मी दुसऱ्या दिवशी दहा हजार घेऊन गेलो होतो. म्हटलं, सावकाराचे देऊन टाक, माझे सवडीनं दे, व्याज नाही. त्यानं हात जोडले. "राहू द्या सर. तुमचे बुडाले तर तोंड कसं दाखवू?" सावकारापुढं जायची लाज त्याला वाटली नव्हती, माझे पैसे घ्यायची वाटली. का वाटणार नाही? आदल्याच दिवशी मी त्याला म्हण ऐकवली होती.

एक दिवस आधी नुसतं 'किती लागतात रे?' एवढं विचारलं असतं तर...

असो. पुढच्या खेपेला तेवढंच विचारीन.