गंजलेली गाडी आणि न सांगितलेली किंमत

आपल्याकडे कित्येक घरांच्या मागच्या बाजूला एखादी गाडी वर्षानुवर्षे उभी असते. कुठे अब्बांची लॅम्ब्रेटा, कुठे चाचांची येझदी, कुठे टॅक्सीचा परवाना संपल्यावर ताडपत्रीखाली गेलेली प्रीमियर पद्मिनी. टायर बसलेले असतात, सीटमध्ये उंदरांनी घर केलेले असते. घरातल्या बायका रोज झाडू मारताना तिला वळसा घालतात आणि हे भंगार कधी जाणार म्हणून वैतागतात.

मग एक दिवस दारात एक सभ्य माणूस येतो. गाडीभोवती एक फेरी मारतो, वाकून चेसिसवरचा नंबर वाचतो आणि म्हणतो, "खाला, हे काढून टाकायचे असेल तर मी नेतो. भंगारवाल्यापेक्षा दोन हजार जास्त देतो." घरातल्यांना आनंद होतो. जागा मोकळी झाली आणि वर पैसेही आले. तीच गाडी काही महिन्यांनी रंगरंगोटी होऊन दहापट किमतीला विकली जाते.

सौदा राजीखुशीने झाला. कोणी जबरदस्ती केली नाही, मोजून पैसे दिले. तरी मनात एक प्रश्न उरतो. एकाला किंमत ठाऊक होती आणि दुसऱ्याला नव्हती, एवढ्याच गोष्टीवर मिळालेला नफा कितपत हलाल?

जुन्या गाड्यांचा शौक आता केवळ राजेमहाराजांचा राहिलेला नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाल्यावर जावा-येझदीला शौकीन वाढले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून कायमची उतरली आणि तिच्याकडेही लोक आठवण म्हणून पाहू लागले. म्हणून हा प्रश्न आता आपल्या अंगणातलाही आहे.

तरी या शौकाचे मोठे सौदे युरोपात होतात, तेव्हा आधी तिकडचे एक उदाहरण पाहू. फ्रान्समध्ये रॉजर बायों नावाचे वाहतूक व्यावसायिक होते. १९५० च्या दशकापासून त्यांनी जुन्या मोटारी जमवल्या. त्यांना संग्रहालय उभारायचे होते. पुढे धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या शेतातल्या पत्र्याच्या छपरांखाली गंजत पडल्या. त्यांच्या पश्चात २०१४ मध्ये वारसांनी पॅरिसच्या आर्टक्युरिअल या लिलावसंस्थेच्या जाणकारांना बोलावले. तिथे सुमारे ६० गाड्या निघाल्या. जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली एक फेरारी होती, जी कधीकाळी अलाँ दलाँ या प्रसिद्ध नटाकडे होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला जाहीर लिलाव झाला आणि ती एकटी फेरारी १ कोटी ६० लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. सगळ्या गाड्या मिळून सुमारे अडीच कोटी युरो आले.

या वारसांनी केले काय? जाणकाराला आधी बोलावले आणि माल उघड्या बाजारात नेला. त्याऐवजी एखादा हुशार संग्राहक एकटाच त्या छपरापर्यंत पोहोचला असता आणि सगळे लोखंड वजनावर घेऊन जातो म्हणाला असता, तर तोही सौदा राजीखुशीनेच झाला असता. दोन्ही सौद्यांत गाड्या त्याच राहिल्या असत्या. फरक पडला तो विकणाऱ्याला बाजार दिसला यामुळे.

हा फरक आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी ओळखला आहे. मदिनेत बाहेरगावाहून धान्य घेऊन काफिले येत. शहरातले काही चलाख व्यापारी वेशीबाहेर पुढे जाऊन काफिल्याला वाटेतच गाठत आणि बाजारभाव कळण्याआधी माल स्वस्तात घेऊन टाकत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली. कोणी असा सौदा केलाच, तर मालाच्या मालकाला बाजारात पोहोचल्यावर तो ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार दिल्याचे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये येते. फिकहच्या पुस्तकांत याला 'तलक्की' म्हणतात.

नीट पाहिले तर वेशीबाहेरच्या त्या व्यापाऱ्याने खोटे बोललेच पाहिजे असे नाही. त्याने फक्त दुसऱ्याच्या अजाणतेपणाचा फायदा घेतला. दारात येऊन चेसिस नंबर वाचणारा आणि किंमत ओळखून गप्प राहणारा माणूस आजचा वेशीबाहेरचा व्यापारीच आहे. आणि घरातली खाला म्हणजे तो काफिला, ज्याने अजून बाजार पाहिलेला नाही.

इथे संग्राहकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणेल, मी वीस वर्षे या विषयात घालवली. गावोगाव फिरलो. शंभर दारे ठोठावली तेव्हा एक गाडी मिळाली. इंजिन जाम निघाले असते तर नुकसान माझेच होते. माझ्या माहितीची काहीच किंमत नाही का?

किंमत आहे, यात शंका नाही. शोधण्याची मेहनत, पत्करलेली जोखीम, गाडी दुरुस्त करून पुन्हा चालती करणारा हात, या सगळ्यांचा नफा हलाल आहे आणि तो भरपूर असू शकतो. ग्राहकाने विकणाऱ्याला बाजारभाव सांगणे कुठे बंधनकारक आहे आणि कुठे नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. भर बाजारात बसलेल्या दुकानदाराने स्वतःच्या मालाची माहिती ठेवावी, अशी अपेक्षा रास्त आहे. पण बाजाराशी संबंध नसलेल्या विधवेकडून, म्हाताऱ्याकडून किंवा आईवडिलांच्या पश्चात घर आवरणाऱ्या मुलांकडून तीच अपेक्षा ठेवता येत नाही. आणि किंमत ठाऊक असून "हे भंगारच आहे" असे तोंडाने म्हणणे, हा तर सरळ धोका आहे. त्याला कोणत्याही मतभेदाचा आडोसा मिळत नाही.

फतव्यापेक्षा वरची पायरी पाहायची असेल तर हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा घोडा आठवावा. घोडा म्हणजे त्या काळची मोटारच! त्यांच्या माणसाने एक घोडा तीनशे दिरहमला ठरवला आणि मालकाला पैसे घ्यायला घेऊन आला. हजरत जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि मालकाला सांगितले की तुझा घोडा तीनशेपेक्षा जास्त मोलाचा आहे, चारशेला देशील का? मग पाचशे, मग सहाशे, असे करत त्यांनी स्वतःच भाव वाढवत नेला आणि तो घोडा आठशेला घेतला. लोकांनी कारण विचारले. त्यांनी सांगितले की प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत मी प्रेषितांच्या (स.) हातावर केली आहे. विकणाऱ्याला आपल्या घोड्याची किंमत कळत नव्हती आणि घेणाऱ्याने ती कळवली.

प्रत्येकाने आठशे द्यावेत असे कोणी म्हणत नाही. पण संग्राहक एवढे नक्की म्हणू शकतो: "खाला, ही गाडी दुर्मिळ आहे. दुरुस्तीला माझा इतका खर्च येईल, मला इतका नफा हवा, म्हणून मी तुम्हाला इतके देऊ शकतो. तुम्ही आणखी दोन ठिकाणी विचारा." असे बोलणाऱ्याच्या हातून एखादी गाडी जाईल. पण त्याचे नाव गावात राहील आणि पुढच्या दहा घरांतले लोक आपणहून त्यालाच निरोप धाडतील. बरकत म्हणतात ती हीच असावी.

विकणाऱ्याच्या बाजूनेही अमानत तेवढीच मोठी आहे. जुन्या गाडीचे मोल तिच्या अस्सलपणात असते. इंजिन मूळचे आहे की बदललेले? पत्रा कंपनीचा की गॅरेजमध्ये ठोकलेला? नंबर खरा की पुन्हा कोरलेला? चेसिस नंबर खोडून दुसरा कोरणे हा तर कायद्याने गुन्हा आहे. बाकीच्या गोष्टींत गुन्हा नसला तरी लपवणूक ही लपवणूकच. खरेदीदार आणि विक्रेता खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, लपवले तर बरकत पुसली जाते, असा आशय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये आहे.

'ओल्ड नंबर वन' नावाची एक बेंटले मोटार आहे. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ओळीने तिने फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे शर्यती, अपघात आणि दुरुस्त्या यांत तिचे बहुतेक भाग बदलले गेले. १९९० मध्ये तिच्या विक्रीचा वाद लंडनच्या हायकोर्टात गेला. ही ती गाडीच नाही, असे घेणाऱ्याचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलले तरी गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून तिला ते नाव लावण्याचा हक्क आहे, असे ते म्हणाले. यातून आपल्याला घेण्यासारखे हे, की भाग बदलणे हा दोष नव्हे. काय बदलले, कधी बदलले, याची नोंद ठेवावी आणि विचारण्याआधी ती समोर ठेवावी.

लिलाव आपल्याकडे परका नाही. एक गरजू अन्सारी मदत मागायला आला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या घरातली एक जाडीभरडी चादर आणि एक प्याला मागवून घेतला. लोकांसमोर बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटले, प्रेषितांनी (स.) जास्त कोण देतो असे विचारले आणि दोन दिरहमला ते सामान विकले. एका दिरहमचे धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. तो माणूस लाकूड तोडून कमवू लागला. जुन्या वापरलेल्या वस्तूचा भाव गरिबाच्या भल्यासाठी चारचौघांत कसा ठरवावा, याचा हा धडाच आहे. मात्र घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, ज्याला 'नज्श' म्हणतात, त्यालाही त्यांनीच मनाई केली. आजच्या लिलावांत आपलीच माणसे बसवून आकडा फुगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुन्या गाड्या बहुधा कोणाच्या तरी इंतकालनंतर बाहेर निघतात. अशा वेळी ती गाडी कोणा एकाची नसते, ती मीरासचा भाग असते. घरी राहणारा थोरला मुलगा ती परस्पर विकतो आणि सासरी गेलेल्या बहिणींना कळवतही नाही, असे सर्रास घडते. "भंगार तर होते," एवढेच त्याचे उत्तर.

हिशोब करून पाहू. समजा, मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. कफनदफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत आधीच भागली आहे. गाडीचे ८०,००० रुपये आले तर पत्नीचा आठवा हिस्सा १०,०००. उरलेल्या ७०,००० चे सात भाग होतील. प्रत्येक मुलाला २०,००० आणि प्रत्येक मुलीला १०,०००. तीच गाडी न विचारता ८,००० ला दिली तर आईच्या हाती १,००० आणि प्रत्येक बहिणीच्या हाती १,०००. तेही दिले तर! भावाच्या घाईने आईचे आणि प्रत्येक बहिणीचे नऊ नऊ हजार गेले. वारसांत कोणी यतीम बालक असेल तर त्याचा माल खाण्याबद्दल सूरह निसामध्ये किती कडक इशारा आहे, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून गाडी विकण्याआधी काही गोष्टी कराव्यात. तिचे कागद, जुनी बिले आणि फोटो जपून ठेवा. अस्सलपणाचा पुरावा त्यांतच असतो. धुऊन-रंगवून 'नवी' करू नका, मूळ रंगालाही मोल असते. निदान तीन ठिकाणी भाव विचारा. त्यांतला एक तरी असा असावा, ज्याला गाडी घ्यायची नाही. आपल्या शहरातला जुना मिस्त्री याबाबतीत फार कामाचा असतो. सगळ्या वारसांना फोन करून भाव सांगा आणि त्यांची संमती घ्या. मालकाचे निधन झाले असेल तर आरटीओत ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल, तर जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी करता येते.

आणि हेही सांगायला हवे की प्रत्येक जुनी गाडी खजिना नसते. थोड्याच बनलेल्या, मूळ भागांसह टिकलेल्या आणि कागद असलेल्या गाड्यांनाच मोठा भाव येतो. फेरारीची बातमी वाचून अंगणातल्या स्कूटरवर लाखांची आशा लावू नये. तशी आशा दाखवून कोणा शौकिनाला लुबाडणे, हीसुद्धा उलट्या बाजूची तीच चूक.

बुखारी शरीफमध्ये आधीच्या उम्मतमधल्या दोन माणसांची हकीकत आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली आणि खणताना सोन्याने भरलेले मडके निघाले. घेणाऱ्याने ते परत नेले, कारण त्याने जमीन घेतली होती, सोने नव्हे. विकणारा घेईना, कारण त्याच्या मते जमिनीबरोबर तिच्यातले सगळेच विकले गेले होते. वाद तिसऱ्या माणसाकडे गेला. एकाला मुलगा होता आणि एकाला मुलगी. दोघांचे लग्न लावा, सोने त्यांच्यावर खर्च करा आणि त्यातून सदकाही द्या, असा निवाडा झाला. आपल्या मुलांना ही हकीकत सांगा आणि मग विचारा, त्या दोघांपैकी सोने कोणाचे होते? मुले बराच वेळ वाद घालतील. घालू द्या.